पुकारलेला आहेर

आमच्याकडे लग्नात, वास्तुशांतीत, जावळात आहेर माईकवर पुकारतात. मांडवाच्या एका कोपऱ्यात टेबल असतं, त्यामागे गावातला खड्या आवाजाचा एखादा माणूस बसतो. तुम्ही पाकीट दिलं की तुमचं नाव, गाव आणि आकडा सगळ्या पंगतीला ऐकू जातो. मला ही पद्धत कधीच आवडली नाही. वरणभाताचा घास तोंडाशी नेताना शेजारच्यानं आपल्यापेक्षा दोनशे रुपये जास्त टाकले, हे कळून कुणाचं भलं झालंय? पण पद्धत आहे म्हटल्यावर मीही चार लोकांसारखी रांगेत उभी राहून पाचशे एक रुपये पुकारून घेत आले.

बदनापूरला स्टेशनच्या अंगाला एका माणसानं नवा बंगला बांधला होता. त्याच्या वास्तुशांतीला माझे धाकटे दीर मला सोबत घेऊन गेले. दिरांची तीर्थपुरीला पिठाची गिरणी आहे, मी अंबडच्या कोर्टात वकिली करते. माझे यजमान गेल्यापासून दीर कुठलीही गोष्ट करायच्या आधी मला विचारतात, म्हणजे त्यांचं जे ठरलेलं असतं ते मला सांगतात. बंगलेवाला आमच्या नात्यातला नव्हता. दिरांची एकुलती एक लेक नर्सिंग शिकलेली. तिला इस्रायलला म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायच्या नोकरीवर पाठवणारा एजंट तो. "बोलावलंय त्यानं, तर जाऊन येऊ, वहिनी," एवढंच दीर म्हणाले होते.

मी भजी वाढून घेत होते. माईकवर पाचशे एक, एक हजार एक, साडीचोळी असं चाललं होतं. मी दिलेले पाचशे एकही पुकारून झाले होते. मग तो खडा आवाज आणखी चढला आणि दिरांचं नाव आलं. तीर्थपुरीहून गिरणीवाले, एक लाख एक्कावन्न हजार एक रुपये! पंगतीनं माना वळवल्या. मला वाटलं, माईकवाल्याच्या तोंडून भलताच आकडा गेला. मी दिरांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती आणि ते कोशिंबिरीतले दाणे वेगळे काढत बसले होते. आकडा बरोबर होता.

थोड्या वेळानं परतूरकडच्या कुणाचं नाव आलं. एक लाख एक्कावन्न हजार एक. मग भोकरदनकडच्या कुणाचं. तोच आकडा, वरच्या एका रुपयासकट. अहो, आहेर कमीजास्त असतो. मामा जास्त देतो, शेजारी कमी देतो, रुसलेला मेहुणा तांब्यापेल्यावर भागवतो. एकमेकांना न ओळखणारे लोक एकाच आकड्याची पाकिटं देतात तेव्हा तो आहेर नसतो, तो भाव असतो. मी हातातलं भजं परत ताटात ठेवलं.

परतीच्या एसटीत जालन्यापर्यंत मी तोंड उघडलं नाही, आणि मी गप्प बसले की घरचे घाबरतात. दीर शेवटी आपणहून बोलले.

"तुम्हाला आधी नव्हतं सांगितलं, कारण तुम्ही नको म्हणल्या असत्या."

"नकोच म्हटलं असतं! भाऊजी, कायदा आहे. एजंटाला किती घ्यायचे ते ठरवून दिलंय सरकारनं. तीस हजार आणि वर कर, बस्स. त्याच्यावर एक रुपया घेतला तरी गुन्हा आहे."

"तेवढेच घेतलेत त्यानं. पावती दिलीय. परवाना बी हाय त्याचा, भिंतीवर लावलाय."

"आणि हे दीड लाख?"

"तो आहेर हाय," दीर म्हणाले. "फी येगळी, आहेर येगळा."

ते मला फसवत नव्हते, हीच पंचाईत होती. एजंटानं ऑफिसात फीची रक्कम घेऊन पावती फाडली होती आणि म्हणाला होता, बाकी काही नको, माझ्या घरची वास्तुशांत आहे तिला घरच्यासारखं या. आकडा त्यानं स्वतः सांगितलाच नाही. दीर जिना उतरत असताना तो त्याच्या ऑफिसातल्या माणसानं सांगितला, तोही असा की, लोक साधारण इतका करतात बुवा, तुमची मर्जी. दिरांनी गिरणीतलं मिरची कांडायचं मशीन विकलं आणि जावेनं पाटल्या मोडल्या. ज्या रकमेची पावती मागायला हवी होती, ती या माणसानं अशा जागी नेऊन ठेवली की जिथं पावती मागणं म्हणजे यजमानाचा अपमान. आणि लपूनछपून नाही, भर मांडवात, माईकवर. एवढ्या लोकांनी ऐकलेल्या गोष्टीला लाच कोण म्हणेल? माझ्यातल्या वकिलाला त्या माणसाचं क्षणभर कौतुक वाटलं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

पुतणी मला मोठी आई म्हणते. माझ्या सासूबाई अर्धांगानं अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं याच पोरीनं केलं. कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, घशात अडकू नये म्हणून पेज किती पातळ करायची ते बघणं. सासूबाई जिभेनं जड झाल्या होत्या, पण शिव्या स्पष्ट देत. ही हसून म्हणायची, "आजी, शिवी बराबर आली, आता माझं नाव घे." पुढे ती जालन्याला एका खासगी दवाखान्यात लागली. पगार असा की खोलीचं भाडं आणि डबा यातच संपायचा. परदेशाचं तिच्या डोक्यात तिथूनच आलं. मी युद्धाच्या बातम्या दाखवल्या, नको म्हटलं. ती म्हणाली, "मोठी आई, मी आजीला इतकी वर्षं उचललं, बसवलं, धुतलं. त्याला इथं कुणी काम म्हणलं का? तिकडं त्याला काम म्हणतात. पगार देतात." सासूबाईंची सून मी होते, आणि त्यांना उचलायची ती.

निघायच्या आधी तिकडच्या सरकारच्या वतीनं तिची एक मुलाखत झाली, मोबाइलवर. पलीकडून हिंदी बोलणारी बाई प्रश्न विचारत होती. मी तेव्हा तीर्थपुरीला आले होते, खोलीच्या दारात उभी होते. काम कळलंय का, करार समजला का, कुणी जबरदस्ती केली का. मग विचारलं, पावतीवर आहे त्याच्यापेक्षा जास्त पैसा कुणाला दिला का?

"नाही," पुतणी म्हणाली.

बाईनं पुन्हा विचारलं. पुतणीनं तितक्याच शांतपणे पुन्हा नाही म्हटलं आणि बाईनं पुढचा प्रश्न घेतला. फोन बंद झाल्यावर मी खोलीत शिरले. असलं धडधडीत खोटं तू कधी शिकलीस, असं मी तिला जरा जोरातच विचारलं. ती बावरून माझ्याकडे बघायला लागली.

"खोटं कामून, मोठी आई? फी तर तेवढीच दिली. एजंटानं सगळ्यांना सांगितलंय, हा प्रश्न विचारतील, खोटं बिलकुल बोलायचं न्हाई. फी दिली असंल तर दिली म्हणा, न्हाई दिली तर न्हाई म्हणा."

"आणि आहेर?"

"आहेर कुणी मोजतं का?" ती म्हणाली.

जन्मभर ती मांडवांत जेवली होती. आहेर हा दिला की संपतो, त्याचा हिशोब बोलायचा नसतो, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. म्हणून त्या बाईला तिच्या आवाजात खोट सापडली नाही. मी तेव्हाच फोन परत लावायला सांगत होते. दीर मध्ये आले, हात जोडले, म्हणाले, "वहिनी, आता व्हिसा आलाय. आता नका." जाऊ आतल्या खोलीत रडत होती. मी अंबडला परत आले आणि त्या रात्री जेवले नाही.

ती गेली. समुद्राजवळच्या एका गावात, तिसऱ्या मजल्यावर, एका आजीकडे. आजीचे पाय सुजायचे. ही रोज खोबरेल तेल लावून चोळायची, आणि आजीला त्या तेलाचा वास इतका आवडला की ती तळहात नाकाशी नेऊन बसायची. तिथल्या भाषेतली पुतणीनं पहिली शिकलेली वाक्यं म्हणजे, दुखतंय का, आणि, थोडं अजून खा. आजी रागावली की काठी आपटायची. "आपल्या आजीसारखीच हाय," पुतणी सांगायची, "फक्त शिव्या समजत न्हाईत." ती पैसे पाठवत होती. दिरांनी कांडपाचं मशीन परत बघायला सुरुवात केली होती. मलाही वाटायला लागलं, झालं ते झालं.

मग आजी वारली. सकाळी उठवायला गेली तर अंग थंड. पुतणीनं फोन केला तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हतं. दोन-चार दिवसांनी दुसरी गोष्ट कळली. ज्या घरासाठी गेलो तिथलं माणूस गेलं की ठरलेल्या मुदतीत दुसरं घर मिळावं लागतं, नाहीतर परत यायचं. आणि दुसरं घर मिळवून देणारं तिकडचं ऑफिस आमच्या बदनापूरच्या माणसाच्या ओळखीचं.

त्याच आठवड्यात तो गिरणीवर आला. स्वतः, पेढे घेऊन. त्याच्या नातवाचं जावळ होतं. "पोरीसाठी दुसरं घर बघून राह्यलोय, बिलकुल काळजी करू नका," म्हणाला. "कार्यक्रमाला मात्र या. घरच्यासारखं या."

दिरांनी मला फोन केला. त्यांचा आवाज पिठाच्या धुळीतून यावा तसा येत होता. "वहिनी, त्यानं बोलावलंय," ते म्हणाले, आणि मला सगळं समजलं.

मी त्याच दिवशी एजंटाला फोन लावला. आडवळण घेतलं नाही. तुम्ही बेकायदेशीर वसुली केली आहे, अशा तक्रारीसाठी मुंबईला सरकारी कार्यालय आहे, तुमचा परवाना जाईल, असं सगळं सुनावलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही बी आल्त्या ना वास्तुशांतीला? जेवण बरं होतं ना?"

"विषय बदलू नका," मी म्हणाले.

"तुमचा बी आहेर आला. पाचशे एक. माईकवर पुकारला. ती बी फी होती का? का तुमचा आहेर आन तुमच्या दिराची फी?"

मी फोन ठेवला. कोर्टात समोरचा वकील एखादा नेमका मुद्दा मांडतो तेव्हाही मी अशीच खाली बसते, पण तिथं निदान न्यायाधीश असतात.

मी परतूरला गेले, ज्यांचं नाव माईकवर ऐकलं होतं त्यांच्याकडे. त्यांचा मुलगाही असाच गेलेला. घर शोधायला वेळ लागला नाही. गृहस्थ शिक्षक होते, अगत्यानं बसवलं, चहा दिला. दोन-तीन घरांनी मिळून तक्रार दिली तर आकड्यांचा सारखेपणाच पुरावा होईल, देणाऱ्याचा यात काही गुन्हा नाही, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि सगळं पटल्यासारखी मानही हलवली.

"मॅडम, पर आहेर वापस मागायचा म्हणजे," ते म्हणाले, "लोक तोंडात शेण घालतील. मी शाळेत कसा जाऊ?" मग अगदी हळू आवाजात विचारलं, "जावळाचं तुम्हालाबी आलंय का?"

त्यांच्या टीव्हीवर पत्रिका होती. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, आणि ते मला जास्त लागलं.

जावळाच्या आदल्या दिवशी मी गिरणीवर होते. दळण संपलं होतं, पट्टा थांबला होता, दिरांच्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या. पुतणीचा व्हिडिओ कॉल आला. ती एका दुसऱ्या बाईच्या खोलीत, जमिनीवर गादी टाकून राहत होती. चेहरा उतरला होता, पण वेणी घट्ट घातलेली.

"बाबा, किती जमवले?" तिनं विचारलं.

दिरांनी सांगितलं. जावेचं मंगळसूत्र त्यात धरलेलं होतं.

"बाबा, शेजाऱ्याच्या लेकराचं जावळ असलं तर आपण किती देतो?"

"शेजाऱ्याच्या? एकशे एक. लई झालं तर दोनशे एक."

"मंग एकशे एक द्या."

दिरांनी मोबाइल माझ्याकडे वळवला, जणू पोरीला समजावणं माझं काम होतं. ती माझ्याशी बोलायला लागली. तिथं परक्या कामगारांसाठी एक मदत केंद्र होतं. आजीच्या मुलानंच तिला त्याचा पत्ता दिला होता. तिथल्या लोकांनीही तिला तोच प्रश्न विचारला होता, इथं यायला कुणाला किती पैसे दिले? तिनं उत्तर द्यायला दोन दिवस मागून घेतले होते.

"मी त्या वेळी न्हाई म्हणले होते, मोठी आई. मला खरंच तसं वाटलं होतं. आता मला हो म्हणायचंय. पर इकडं मी हो म्हणायचं आन तिकडं बाबांनी पुन्हा पाकीट द्यायचं, तर माझं हो काय कामाचं?"

"आणि घर नाही मिळालं तर?" मी विचारलं. प्रश्न विचारायची सवय, दुसरं काय.

"तर येते वापस," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "माझं काम चांगलं हाय, मोठी आई. आजीचा मुलगा बी म्हणला. मला यायचं न्हाई."

दीर पट्ट्याजवळ पाठ करून उभे होते.

जावळाला आम्ही गेलो. जावेनं मला येऊ नका म्हटलं, पण मी पायी जावं लागलं असतं तरी गेले असते. मांडव तसाच, टेबल तसंच, आवाजही तोच. दिरांनी पाकीट आणलं नव्हतं. शंभराची नोट आणि रुपयाचं नाणं त्यांनी मुठीत धरलं होतं. रांगेत आमच्या मागे एक बाई होती, साधीशी, पदर डोक्यावर, हातातली पर्स छातीशी धरलेली. तिच्या कुणाला तरी जायचं असणार.

दिरांचा नंबर आला. त्यांनी मूठ उघडली. माईकवाल्यानं नोट पाहिली, नाणं पाहिलं, दिरांकडे पाहिलं. त्यानं पाकिटाची वाट पाहिली. दीर हलले नाहीत. मग त्यानं त्यांचं नाव आणि गाव घेतलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "एकशे एक."

पुकारा नेहमीसारखा ऐकूही गेला नसेल फारसा कुणाला. पण परतूरचे शिक्षक पंगतीत बसले होते, त्यांनी मान वर केली. नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या एजंटानंही केली. आम्ही पंगतीत बसलो तसा तो उठला, वाढप्याच्या हातातलं जिलेबीचं ताट घेऊन आमच्यापाशी आला आणि दिरांच्या पानात स्वतः दोन जिलेब्या वाढल्या. "पोरगी लई लांब हाय, दादा," तो गोड आवाजात म्हणाला. "जरा इचार करायचा होता." दिरांनी जिलेबीला हात लावला नाही, पण उठलेही नाहीत. पान पूर्ण संपवून, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून, मग उठले. मला त्यांच्याबद्दल इतका अभिमान कधी वाटला नव्हता आणि इतकी भीतीही कधी वाटली नव्हती.

रांगेतली ती बाई पाकीट न देताच आमच्या मागोमाग पंगतीत येऊन बसली होती, तिनं सगळं पाहिलं होतं. मांडवाबाहेर पडताना माझं लक्ष तिच्याकडेच होतं. ती टेबलापाशी थांबली, पर्स उघडली, बंद केली. मग तिनं जाड पाकीट काढून ठेवलं. माईकवरचा आवाज पुन्हा चढला, आणि तोच आकडा रस्त्यापर्यंत ऐकू आला.

एसटीत दीर खिडकीशी बसले. जालना मागे पडल्यावर पुतणीचा फोन आला. "दिला?" एवढंच तिनं विचारलं. दीर म्हणाले, "दिला. एकशे एक." ती हसली, मग रडली, मग म्हणाली, उद्या सकाळी ती मदत केंद्रात जाते. दीर हो, हो म्हणत राहिले. फोन ठेवून ते माझ्याकडे वळले.

"वहिनी," ते म्हणाले, "ती हो म्हणली, तर तिला वापस तर न्हाई ना धाडणार?"

तिथला कायदा मला माहीत नव्हता. तिथली माणसं कशी आहेत, एका पोरीच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. साक्षीदारांना मी वर्षानुवर्षं बजावत आले आहे, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, अंदाजानं बोलू नका. दीर माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या भुवयांत अजून थोडं पीठ होतं.

"नाही," मी म्हणाले.

आमच्या घरातून गेलेलं हे दुसरं 'नाही'. मुलाखतीत 'नाही' म्हणताना पुतणीला निदान आपण खरं बोलतोय असं वाटत होतं.